संगीत प्रताधिकार खटल्यांतील मक्तेदारीविरोधी बचाव

संगीत प्रताधिकार खटल्यांतील मक्तेदारीविरोधी बचाव म्हणजे, गीत, स्वररचना किंवा ध्वनिमुद्रण विनापरवाना वापरल्याचा आरोप असलेल्या प्रतिवादीने केलेला असा युक्तिवाद, की वादीने आपला प्रताधिकार बाजारातील स्पर्धा मोडण्यासाठी वापरला असून, त्यामुळे न्यायालयाने त्याच्या दाव्याला साहाय्य करू नये. हा बचाव प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाला. चित्रपटगृहे, नभोवाणी केंद्रे, दूरचित्रवाणी कंपन्या आणि पुढे आंतरजालावरील संगीतसेवा यांनी तो वेळोवेळी मांडला. युरोपात नृत्यगृहांच्या चालकांनी, तर भारतात वेगळ्या कायदेशीर मार्गाने खासगी एफएम वाहिन्यांनी याच स्वरूपाचे प्रश्न उपस्थित केले.

या बचावाच्या बळावर प्रतिवादी पूर्णपणे सुटल्याची उदाहरणे थोडी आहेत. तथापि संगीताचे परवाने कोणी, कोणत्या अटींवर आणि किती दराने द्यावेत, याविषयीचे आजचे अनेक नियम अशा खटल्यांतून आणि त्यांच्या भोवतीच्या संघर्षातून आकाराला आले आहेत.

संकल्पना

प्रताधिकार हा कायद्यानेच निर्मात्याला दिलेला मर्यादित मुदतीचा एकाधिकार आहे. कवी, संगीतकार किंवा ध्वनिमुद्रण करणारी कंपनी आपल्या कृतीचा वापर इतरांना नाकारू शकते आणि वापराचे मोल मागू शकते. मक्तेदारीविरोधी कायद्याचा हेतू याच्या उलट दिशेचा भासतो. प्रतिस्पर्ध्यांनी संगनमत करून भाव ठरवू नयेत आणि बाजारातील प्रबळ विक्रेत्याने आपल्या बळाचा गैरफायदा घेऊ नये, हे तो पाहतो. दोन्ही कायद्यांचे एकाच गाण्यावर अधिराज्य असल्यामुळे त्यांच्या सीमारेषेवर वाद उद्भवतात.

एका गाण्याची मालकी असणे म्हणजे मक्तेदारी नव्हे. बाजारात इतर असंख्य गाणी असतात. अडचण निर्माण होते ती असंख्य गाण्यांचे अधिकार एका हाती एकवटले म्हणजे. नभोवाणी केंद्राला दिवसभरात अनेक गीतकार, संगीतकार व प्रकाशकांच्या रचना वाजवाव्या लागतात. प्रत्येकाशी स्वतंत्र करार करणे त्याला अशक्यप्राय असते आणि एकट्या संगीतकारालाही देशभरातील उपाहारगृहे, सभागृहे व वाहिन्यांवर लक्ष ठेवणे शक्य नसते. म्हणून अधिकारधारक संस्था स्थापन करतात. अशी संस्था आपल्या सर्व सभासदांच्या सर्व रचनांचा एकच परवाना ठरावीक शुल्कात देते. यालाच सरसकट परवाना म्हणतात. या व्यवस्थेने दोन्ही पक्षांची सोय होते. पण त्याच वेळी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले हजारो अधिकारधारक एकत्र येऊन एकाच भावाने माल विकू लागतात. या बचावाचा उगम या दुहेरी स्वरूपात आहे.

बचावाचे प्रकार

मक्तेदारीचा मुद्दा प्रतिवादी दोन प्रकारे मांडू शकतो. पहिल्या प्रकारात तो केवळ ढाल म्हणून वापरला जातो. उल्लंघन घडले असे धरले तरी वादीचे स्वतःचे वर्तन सदोष असल्याने न्यायालयाने त्याला मनाईहुकूम किंवा नुकसानभरपाई देऊ नये, असे प्रतिवादी म्हणतो. समन्याय मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत, हे जुने तत्त्व यामागे आहे. प्रताधिकाराच्या संदर्भात त्याला 'प्रताधिकाराचा गैरवापर' असे नाव मिळाले. हा बचाव मान्य झाला तरी प्रताधिकार नष्ट होत नाही. गैरवापर थांबेपर्यंत आणि त्याचे दुष्परिणाम निवळेपर्यंत तो अंमलात आणता येत नाही, एवढेच.

दुसऱ्या प्रकारात प्रतिवादी प्रतिदावा दाखल करतो. वादीने शर्मन कायद्याचा भंग केल्याचे सिद्ध झाल्यास अमेरिकेत झालेल्या हानीच्या तिप्पट भरपाई मिळू शकते. मात्र यासाठी संबंधित बाजारपेठ, वादीचे त्यातील बळ, स्पर्धेला पोहोचलेली इजा आणि स्वतःचे नुकसान या सर्व बाबी पुराव्याने दाखवाव्या लागतात. हा मार्ग खर्चिक व दीर्घ आहे.

दोन्ही प्रकारांत न्यायालये आणखी एक प्रश्न विचारतात: वादीच्या कथित गैरकृत्याचा प्रस्तुत दाव्याशी संबंध आहे काय? वादी अन्यत्र कोठे तरी अनुचित वागला एवढ्याने उल्लंघन करणाऱ्यास मोकळीक मिळत नाही. परवाना घेण्याचा वाजवी मार्ग प्रतिवादीपुढे खुला होता की नाही, यावर अनेकदा सारा निकाल अवलंबून राहिला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेत १८९० मध्ये शर्मन कायदा संमत झाला. त्या काळी मोठे उद्योगसमूह 'ट्रस्ट' या स्वरूपात एकत्र येत असल्याने अशा कायद्यांना 'अँटीट्रस्ट' हे नाव पडले. प्रताधिकाराचे संरक्षण असलेल्या मालाला हा कायदा लागू होतो काय, हा प्रश्न प्रथम पुस्तकांच्या संदर्भात निर्णायक ठरला. स्ट्रॉस विरुद्ध अमेरिकन पब्लिशर्स असोसिएशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९१३ मध्ये असा निर्णय दिला, की प्रताधिकार असला तरी प्रकाशकांना संगनमताने भाव राखण्याची आणि स्वस्त विकणाऱ्यावर बहिष्कार टाकण्याची मुभा मिळत नाही.

पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, न्यूयॉर्क येथे 'अमेरिकन सोसायटी ऑफ कंपोझर्स, ऑथर्स अँड पब्लिशर्स' ही संस्था स्थापन झाली. तिला संक्षेपाने ॲस्कॅप म्हणतात. १९१७ च्या हर्बर्ट विरुद्ध शॅन्ली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, उपाहारगृहात वाजवलेल्या संगीतासाठी वेगळे तिकीट नसले तरी तो नफ्यासाठी केलेला प्रयोगच आहे, असे ठरवले. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या या निर्णयाने ॲस्कॅपच्या वसुलीला भक्कम आधार मिळाला.

नभोवाणीचा प्रसार झाल्यावर ॲस्कॅपचे बळ वाढले आणि दरांवरून केंद्रचालकांशी तिचा संघर्ष सुरू झाला. केंद्रचालकांनी १९३९ मध्ये 'ब्रॉडकास्ट म्युझिक, इन्कॉर्पोरेटेड' अर्थात बीएमआय ही पर्यायी संस्था उभी केली. १९४१ मध्ये अनेक महिने बहुसंख्य केंद्रांनी ॲस्कॅपचे संगीत वाजवणेच बंद केले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या न्याय विभागाच्या कारवाईनंतर ॲस्कॅप व बीएमआय या दोन्ही संस्थांनी संमती हुकूमनामे स्वीकारले. त्यानुसार ॲस्कॅपला सभासदांचे अधिकार केवळ स्वतःकडे राखून ठेवण्यास मनाई झाली. सभासद स्वतंत्रपणेही परवाना देऊ शकत होते. समान परिस्थितीतील ग्राहकांत भेदभाव करण्यासही बंदी आली.

चित्रपटगृहांचे खटले

या बचावाचे सर्वांत ठळक यश चित्रपटगृहांच्या वादात दिसते. बोलपटांत संगीत दोन टप्प्यांवर येते. निर्माता ते चित्रफितीवर बसवतो आणि नंतर चित्रपटगृहात ते प्रत्येक खेळाला वाजते. निर्मात्याला पहिल्या वापराचा हक्क मिळे. परंतु जाहीर प्रयोगाचा हक्क सभासदांनी ॲस्कॅपकडे सोपवलेला असल्याने तो ॲस्कॅपकडेच राही. चित्रपटाचे वितरक गृहमालकाशी करार करताना, त्याच्याकडे ॲस्कॅपचा परवाना असावा अशी अट घालत. परिणामी गृहमालकाला चित्रपट घ्यायचा तर परवाना घेण्यावाचून गत्यंतर नसे. त्या चित्रपटात कोणते संगीत असावे हे ठरवणे त्याच्या हाती नव्हते आणि दरांची तुलना करण्यासही वाव नव्हता.

या गुंतागुंतीला मालकीचा आणखी एक पदर होता. काही मोठ्या संगीत प्रकाशन संस्था चित्रपट कंपन्यांच्याच ताब्यात होत्या. उदाहरणार्थ, एम. विटमार्क अँड सन्स ही जुनी प्रकाशन संस्था वॉर्नर ब्रदर्सने १९२९ मध्ये विकत घेतली होती. म्हणजे चित्रपटाचे भाडे घेणारा आणि संगीताचे शुल्क घेणारा यांचे हितसंबंध काही वेळा एकच असत.

१९४८ मध्ये या विषयावर दोन निर्णय आले. ॲल्डन-रोशेल विरुद्ध ॲस्कॅप या खटल्यात न्यूयॉर्कमधील चित्रपटगृहांचे मालक स्वतःच वादी होते. न्यायाधीश व्हिन्सेंट लीबेल यांनी ॲस्कॅपची व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरवली. त्यांनी भरपाई नाकारली, पण मनाईहुकूम दिला. एम. विटमार्क अँड सन्स विरुद्ध जेन्सन हा मिनेसोटा येथील खटला मात्र खऱ्या अर्थाने बचावाचा होता. तेथे प्रकाशकांनी विनापरवाना संगीत वाजवल्याबद्दल चित्रपटगृहचालकांवर दावा केला होता. संगीत वाजले याविषयी मूलभूत वाद नव्हता. तरीही न्यायाधीश गनर नॉर्डबाय यांनी, प्रकाशकांनी आपले अधिकार एकत्र करून प्रताधिकाराच्या कक्षेबाहेर बळ मिळवले आहे आणि त्यांना साहाय्य करणे म्हणजे त्या मक्तेदारीस हातभार लावणे होय, अशा भूमिकेतून मनाईहुकूम व भरपाई दोन्ही नाकारले.

या निर्णयांचा परिणाम १९५० च्या सुधारित संमती हुकूमनाम्यात उमटला. ॲस्कॅपला अमेरिकेतील चित्रपटगृहांकडून चित्रपटातील संगीतासाठी शुल्क घेण्यास मनाई झाली. तेव्हापासून तेथे निर्माता चित्रपटासाठी संगीत घेतानाच चित्रपटगृहातील प्रयोगाचा हक्कही एकत्रित घेतो. अनेक युरोपीय देशांत मात्र चित्रपटगृहे असे शुल्क भरतात. एका कायदेशीर बचावाने संपूर्ण व्यवसायाची आर्थिक रचना बदलल्याचे हे उदाहरण आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की चित्रपटासाठी लिहिणाऱ्या संगीतकारांचे देशांतर्गत चित्रपटगृहांतील स्वामित्वधनही त्यामुळे बंद झाले.

सरसकट परवाना आणि न्यायालये

१९५० च्या हुकूमनाम्याने आणखी एक महत्त्वाची सोय केली. शुल्कावर एकमत न झाल्यास अर्जदार न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाकडे दाद मागू शकतो आणि तोपर्यंत संगीत वापरू शकतो. या व्यवस्थेला 'दर न्यायालय' म्हणतात. बीएमआयसाठी अशी तरतूद १९९४ मध्ये झाली.

या सोयीमुळे बचावाचा पाया मात्र कमकुवत झाला. के-९१ विरुद्ध गर्शविन पब्लिशिंग या खटल्यात वॉशिंग्टन राज्यातील एका नभोवाणी केंद्राने, ॲस्कॅप ही भाव ठरवणारी टोळी आहे, असा बचाव घेतला. नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १९६७ मध्ये तो फेटाळला. दर मान्य नसेल तर न्यायालयाकडून तो ठरवून घेण्याचा मार्ग प्रत्येक अर्जदारास खुला असताना ॲस्कॅप भाव लादते असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. संस्थेत मक्तेदारीचा दोष संभवत असला तरी हुकूमनाम्याने तिचे जणू निर्जंतुकीकरण झाले आहे, असा या निर्णयाचा आशय होता.

अंतिम कसोटी सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीच्या खटल्यात लागली. १९६९ मध्ये दाखल झालेल्या या खटल्यात सीबीएसने सरसकट परवाना म्हणजे भावनिश्चितीचे संगनमत असल्याचे म्हटले. दुसऱ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ते मान्य केले; परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये तो निर्णय उलटवला. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिलेल्या निकालानुसार सरसकट परवाना मुळातच बेकायदेशीर नाही. त्याचे फायदे-तोटे वाजवीपणाच्या कसोटीवर तपासावे लागतात. हजारो रचना तत्काळ वापरण्याची मुभा हा एक वेगळाच माल असून तो कोणी एकटा संगीतकार विकू शकत नाही, हे या निकालातील मध्यवर्ती सूत्र होते. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी असहमती नोंदवली. प्रकरण परत आल्यावर अपील न्यायालयाने १९८० मध्ये सीबीएसविरुद्ध निर्णय दिला. कंपनीला अधिकारधारकांशी थेट व्यवहार करणे शक्य नव्हते, हे सिद्ध झाले नव्हते. १९८४ मध्ये बफेलो ब्रॉडकास्टिंग खटल्यात स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांच्या बाबतीतही असाच निकाल लागला.

गैरवापराच्या सिद्धान्ताचा विकास

एकस्वाच्या गैरवापराचा बचाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४२ मध्ये मॉर्टन सॉल्ट खटल्यात मान्य केला होता. एकस्वधारकाने आपल्या यंत्रासोबत स्वतःच्याच मिठाच्या गोळ्या घेण्याची सक्ती केली होती. प्रताधिकाराच्या क्षेत्रात या सिद्धान्ताला ठोस रूप १९९० च्या लेझरकॉम्ब विरुद्ध रेनॉल्ड्स या संगणक-आज्ञावलीविषयक निर्णयाने मिळाले. चौथ्या परिमंडळाच्या न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. गैरवापर दाखवण्यासाठी मक्तेदारीविरोधी कायद्याचा प्रत्यक्ष भंग सिद्ध करण्याची गरज नाही. आणि आक्षेपार्ह कराराची झळ स्वतः प्रतिवादीला बसलेली नसली तरी तो हा बचाव घेऊ शकतो. यामुळे संगीत खटल्यांतील प्रतिवादींनाही नवे साधन मिळाले.

प्रतिदाव्याचा मार्ग मात्र १९९३ मध्ये अरुंद झाला. एका विश्रामस्थळाने पाहुण्यांना चित्रपटांच्या चकत्या भाड्याने दिल्या, तेव्हा कोलंबिया पिक्चर्सने दावा केला. हा दावा केवळ स्पर्धा दडपण्यासाठी केलेले ढोंग आहे, असा प्रतिदावा विश्रामस्थळाने केला. सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की वस्तुनिष्ठ दृष्टीने पूर्णतः निराधार नसलेला दावा दाखल करणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरत नाही. मग वादीचा अंतस्थ हेतू काहीही असो. हे तत्त्व संगीत कंपन्यांनाही लागू पडते.

नॅप्स्टर प्रकरण

आंतरजालाच्या युगात हा बचाव सर्वाधिक गाजला तो नॅप्स्टर प्रकरणात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅप्स्टरमुळे वापरकर्ते एकमेकांच्या संगणकांवरील गाणी उतरवून घेऊ शकत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दावा केला. न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी जुलै २००० मध्ये मनाईहुकूम दिला. फेब्रुवारी २००१ मध्ये नवव्या परिमंडळाच्या न्यायालयाने उल्लंघनाविषयीचे मुख्य निष्कर्ष कायम ठेवले. गैरवापराचा बचाव त्या टप्प्यावर नाकारला गेला. कंपन्या आपल्या एकाधिकाराच्या कक्षेबाहेर नियंत्रण मिळवू पाहत असल्याचा पुरावा न्यायालयाला दिसला नाही. जुलै २००१ मध्ये सेवा बंद पडली.

याच काळात कंपन्या स्वतःच्या आंतरजाल सेवा उभारत होत्या. 'म्युझिकनेट' या उपक्रमात वॉर्नर, बीएमजी व ईएमआय यांचे गट रिअलनेटवर्क्ससह सहभागी होते. 'प्रेसप्ले' हा उपक्रम सोनी व युनिव्हर्सल यांचा होता. म्हणजे तेव्हाच्या पाचही मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या या दोन उपक्रमांत विभागल्या गेल्या होत्या. नॅप्स्टरने जून २००१ मध्ये म्युझिकनेटशी परवान्याचा करार केला; पण त्यात काही काळपर्यंत मोठ्या कंपन्यांशी स्वतंत्र करार करण्यास नॅप्स्टरला प्रतिबंध करणारी अट होती.

कंपन्यांनी संपूर्ण सुनावणीविना निकाल मागितला, तेव्हा नॅप्स्टरने या अटीकडे बोट दाखवले. फेब्रुवारी २००२ मध्ये न्यायाधीश पटेल यांनी कंपन्यांची मागणी तूर्त रोखून धरली आणि दोन विषयांवर नॅप्स्टरला कागदपत्रे व पुरावे मागवण्याची मुभा दिली: कंपन्यांकडे संबंधित ध्वनिमुद्रणांची मालकी खरोखर आहे काय, आणि त्यांनी प्रताधिकाराचा गैरवापर केला आहे काय. म्युझिकनेट व प्रेसप्लेच्या रचनेविषयी त्यांनी गंभीर शंका व्यक्त केल्या. त्याच वेळी बचावाची मर्यादाही स्पष्ट केली. गैरवापर चालू असेतोवर दावा पुढे नेता येत नाही. मात्र तो थांबल्यावर मधल्या काळातील उल्लंघनाबद्दलही भरपाई मागता येते. म्हणजे हा बचाव मान्य झाला असता तरी नॅप्स्टरचे दायित्व पुसले गेले नसते. ते लांबणीवर पडले असते.

या प्रश्नावर अंतिम निर्णय झालाच नाही. जून २००२ मध्ये नॅप्स्टरने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तिचे नाव रॉक्सिओ या कंपनीने विकत घेतले. पुढे रॉक्सिओने प्रेसप्लेही घेतली आणि तिच्याच आधारावर २००३ मध्ये नॅप्स्टर या नावाने सशुल्क सेवा सुरू केली. ज्या उपक्रमाविरुद्ध नॅप्स्टरने मक्तेदारीचा आक्षेप घेतला, त्यावरच अखेर तिच्या नावाची पाटी लागली.

न्याय विभागाने या संयुक्त उपक्रमांची चौकशी केली आणि डिसेंबर २००३ मध्ये कारवाईविना ती बंद केली. नॅप्स्टरमध्ये गुंतवणूक करणाऱ्या हमर विन्ब्लाड या संस्थेविरुद्धच्या खटल्यात हा विषय पुन्हा निघाला. २००६ मध्ये न्यायाधीश पटेल यांनी, कंपन्यांनी न्याय विभागाची दिशाभूल केली असावी असे मानण्यास जागा असल्याचे सांगून त्यांचा वकिलांशी झालेला गोपनीय पत्रव्यवहार उघड करण्यास सांगितले. परंतु २००७ मध्ये अपील न्यायालयाने, तेवढा पुरावा नाही म्हणून हा आदेश रद्द केला. २०१० मध्ये स्टार विरुद्ध सोनी बीएमजी या खटल्यात दुसऱ्या परिमंडळाच्या न्यायालयाने, ग्राहकांनी अंकीय संगीताच्या भावनिश्चितीबाबत केलेली तक्रार प्राथमिक टप्प्यावरच फेटाळणे योग्य नव्हते, असे ठरवले. तक्रारीत म्युझिकनेट व प्रेसप्ले यांचाही उल्लेख होता.

सामान्य वापरकर्ते

सप्टेंबर २००३ पासून अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांनी गाण्यांची देवाणघेवाण करणाऱ्या व्यक्तींवर दावे लावण्यास आरंभ केला. पहिल्याच टप्प्यात २६१ दावे दाखल झाले. डिसेंबर २००८ मध्ये ही मोहीम थांबवल्याचे जाहीर झाले. काही प्रतिवादींनी असे म्हटले, की परस्परांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्या एकत्र येऊन दावे लावतात व तडजोडीची रक्कमही एकत्रच ठरवतात. हेही संगनमतच होय. हा युक्तिवाद न्यायालयांत रुजला नाही. अधिकाराच्या संरक्षणासाठी एकत्रितपणे न्यायालयात जाणे हे बाजारात भाव ठरवण्याहून वेगळे मानले गेले. शिवाय मक्तेदारीचा पुरावा उभा करण्याचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. कायद्याने उपलब्ध असलेला बचाव व्यवहारात प्रत्येकाला उपलब्ध असतोच असे नाही, ही बाब या मोहिमेतून ठळक झाली.

युरोप

युरोपात गैरवापराच्या स्वतंत्र सिद्धान्ताऐवजी प्रबळ स्थानाच्या गैरफायद्यास मनाई करणारा सामुदायिक कायदा वापरला गेला. फ्रान्समधील 'सासेम' ही संस्था संगीताच्या प्रयोगहक्कांची वसुली करते. १९८० च्या दशकात अनेक डिस्कोथेकचालकांनी तिचे शुल्क भरण्याचे नाकारले. दर अवाजवी आहेत, आणि केवळ परदेशी संगीत वाजवायचे असले तरी संपूर्ण संग्रहाचा परवाना घ्यावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. टूर्निए व लुकाझो या प्रकरणांत युरोपीय न्यायालयाने १३ जुलै १९८९ रोजी निर्णय दिला. संस्थेचे दर इतर सदस्य देशांतील दरांहून लक्षणीय प्रमाणात जास्त असतील आणि तुलना समान पायावर केलेली असेल, तर ते प्रबळ स्थानाच्या गैरफायद्याचे लक्षण मानावे. हा फरक वस्तुनिष्ठ कारणांनी समर्थनीय असल्याचे दाखवणे ही संस्थेची जबाबदारी राहील, असे न्यायालयाने सांगितले. अमेरिकेत सिद्धतेचा भार बहुतांशी प्रतिवादीवर राहतो. येथे मात्र दरांतील तफावत दाखवल्यावर स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी संस्थेकडे जाते. लॅटव्हियातील संस्थेविषयीच्या २०१७ च्या निर्णयात हीच कसोटी पुढे चालवली गेली.

भारतातील स्थिती

भारतात संगीताचे परवाने देणाऱ्या 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' आणि 'फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड' या दोन प्रमुख संस्थांची मुख्यालये मुंबईत आहेत. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये सक्तीच्या परवान्याची तरतूद कलम ३१ मध्ये आहे; त्यामुळे वाजवी अटींवर परवाना नाकारला गेल्यास वापरकर्ता बचावाची वाट न पाहता स्वतःच दाद मागू शकतो. एंटरटेनमेंट नेटवर्क विरुद्ध सुपर कॅसेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये या कलमाचा अर्थ लावला आणि अवाजवी अटी घालणे हेही नकारासारखेच ठरू शकते, अशी भूमिका घेतली.

स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ मध्ये बौद्धिक संपदेच्या रक्षणासाठी घातलेल्या वाजवी अटींना सूट आहे; प्रबळ स्थानाच्या गैरफायद्याविषयीच्या कलम ४ मध्ये तशी सूट नाही. एचटी मीडियाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०१४ मध्ये 'टी-सिरीज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीजला दोषी ठरवले. खासगी एफएम वाहिन्यांनी किमान ठरावीक रक्कम भरलीच पाहिजे, ही अट आयोगाने अनुचित मानली आणि २.८३ कोटी रुपयांचा दंड केला.

प्रताधिकाराचा विषय असल्यामुळे स्पर्धा आयोगाला अधिकारच नाही, हा आक्षेप मुंबई उच्च न्यायालयापुढे चित्रपट निर्मात्यांनी घेतला होता. मल्टिप्लेक्सशी झालेल्या वादातून उद्भवलेल्या आमिर खान प्रॉडक्शन्स विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्यायालयाने २०१० मध्ये तो अमान्य केला. प्रताधिकाराच्या आधारे करावयाचे सर्व युक्तिवाद आयोगापुढेच मांडता येतील, असा त्याचा अर्थ होता. संगीताच्या वादांनाही हे तत्त्व लागू पडते.

२०१२ च्या दुरुस्तीने प्रसारणासाठी वैधानिक परवान्याची तरतूद कलम ३१-ड मध्ये आली. विंक या संगीतसेवेने टिप्स इंडस्ट्रीजच्या दाव्याला उत्तर देताना या कलमाचा आधार घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही तरतूद आंतरजालावरील सेवांना लागू नाही असे ठरवले व २०२२ मध्ये खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. यावरून भारतातील प्रतिवादी मक्तेदारीच्या सामान्य सिद्धान्तापेक्षा कायद्यातील विशिष्ट परवाना-तरतुदींवर अधिक विसंबतात, असे दिसते.

मूल्यमापन

या बचावाच्या समर्थकांच्या मते, अधिकार एकवटलेल्या बाजारात छोट्या वापरकर्त्याला दर मान्य करणे किंवा संगीत बंद करणे एवढेच पर्याय उरतात. सरकारी कारवाईला वर्षे लागतात आणि स्वतंत्र खटला चालवण्याची ऐपत थोड्यांची असते. अशा वेळी न्यायालयाने किमान स्वतःची यंत्रणा मक्तेदारीच्या सेवेस लावू नये.

विरोधकांचा आक्षेप असा, की शिक्षा आणि अपराध यांचा मेळ येथे बसत नाही. वितरणाची अनुचित व्यवस्था प्रकाशक व मोठ्या कंपन्या ठरवतात. पण दावा फेटाळला गेला तर गीतकार व संगीतकाराचे मानधनही बुडते. शिवाय लाभ होतो तो परवाना न घेता संगीत वापरणाऱ्याला. ज्यांनी चढ्या दराने नियमित शुल्क भरले त्यांना काहीच मिळत नाही.

विटमार्क खटल्यात परवान्याला पर्यायच नव्हता, म्हणून बचाव टिकला. के-९१ खटल्यात दर न्यायालयाचा पर्याय होता, म्हणून तो पडला. या दोन निकालांतील अंतर पाहिले असता या बचावाचे कार्य स्पष्ट होते. संगीताच्या सामूहिक विक्रीवर निःपक्ष देखरेख नसेल तेथे तो प्रभावी ठरतो आणि अशी देखरेख निर्माण झाली की त्याची गरज कमी होते. दर न्यायालये, भेदभावास बंदी, थेट करारांचे स्वातंत्र्य आणि वैधानिक परवाने या तरतुदी हे त्याचे दूरगामी फलित मानता येईल. आंतरजालावरील संगीत मोजक्या कंपन्यांच्या व मंचांच्या हाती एकवटत असल्यामुळे हा वाद संपलेला नाही. मात्र आता मक्तेदारीचा आरोप केवळ अधिकारधारकांवर होत नसून, संगीत विकत घेणाऱ्या बलाढ्य मंचांवरही होत आहे.

हे सुद्धा पहा

प्रताधिकार
शर्मन कायदा
नॅप्स्टर
सक्तीचा परवाना
भारतीय स्पर्धा आयोग
इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी